वीतभर वाळूखाली

(दृश्य : सकाळचा गोदाघाट. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी. पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं, फुलांच्या टोपल्या. कमरेइतक्या पाण्यात कानाला हेडफोन लावलेला एक माणूस.)

निवेदन :

गोदावरीला पूर किती आला, हे नाशिककर मीटरात सांगत नाहीत. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढं म्हटलं की गावाला सगळं कळतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरांची आठवण घाटावरची माणसं अजून काढतात. असा पूर ओसरला की नदीचा तळ बदललेला असतो. जिथं गाळ होता तिथं गोटे उघडे पडतात, जिथं फरशी होती तिथं वाळूचा थर बसतो.

आणि मग माणसं पाण्यात उतरतात, तळाशी पडलेली नाणी, अंगठ्या शोधायला. कुणाकडे दोरीला बांधलेलं लोहचुंबक, कुणाकडे घमेलं आणि चाळणी. हल्ली एखाद्याच्या हातात मेटल डिटेक्टरही दिसतो. काठावरच्या बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"दादा, किती खोल जातं हो हे?"

या प्रश्नात दोन वेगळी मापं एकमेकांत मिसळलेली आहेत. विकणाऱ्यांनाही ती वेगळी करायची फारशी घाई नसते.

(दृश्य : टेबलावर दोन डिटेक्टर शेजारी शेजारी.)

गॅरेट कंपनीचा सी हंटर मार्क टू किंवा माइनलॅब कंपनीचा एक्सकॅलिबर टू घ्या. दोन्हींवर लिहिलेलं असतं २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. माइनलॅबच्याच एक्विनॉक्स ८०० वर आकडा आहे फक्त ३ मीटर. गिऱ्हाईक मनात हिशोब करतं, पहिला वीसपट भारी! पण हे माप पाण्याचा दाब सोसण्याचं आहे. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, तो झेलून आत पाणी शिरू द्यायचं नाही, एवढंच त्या आकड्याचं वचन. समुद्रात बुडी मारणाऱ्याला ते हवंच. छातीइतक्या पाण्यात उभं राहून शोधायचं असेल, तर ३ मीटरवालं यंत्र पुरून उरतं.

एक मात्र बघून घ्या. काही यंत्रांची नुसती कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची तबकडी, पाण्यात चालते. बटणं-बॅटरीचा वरचा डबा नाही. तोल गेला, डबा बुडाला, की पैसे पाण्यात. शब्दशः.

दुसरं माप खरं कामाचं. कॉइल तळावर टेकली असताना वाळूखालची अंगठी किती अंतरावरून कळते? उत्तर ऐकून बघ्यांचा विरस होतो. अंगठी, नाणं अशा जिनसांसाठी चांगल्या जमिनीत वीतभर. फार तर त्याहून थोडं जास्त.

(दृश्य : कागदावर काढलेली साधी आकृती. कॉइल, खाली अंगठी.)

असं का? डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलता प्रवाह वाहतो, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते धातूला भिडलं की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण क्षेत्र असतं, तेच परत कॉइलला जाणवतं. म्हणजे जाताना एकदा क्षीण, येताना पुन्हा क्षीण. जाताना अंतराच्या तिसऱ्या घातानं, येताना पुन्हा तिसऱ्या घातानं. एकूण सहावा घात. कॉइलच्या आकाराच्या मानानं वस्तू लांब असेल, तर अंतर दुप्पट झालं की संकेत ६४ पटींनी कमी होतो.

हा ६४ चा आकडा बाजारातल्या निम्म्या जाहिराती निकालात काढतो. कॉइलमधला प्रवाह दुप्पट केला, तरी खोली वाढते सुमारे १२ टक्के. वस्तू कॉइलच्या बरीच जवळ असेल तर थोडी जास्त. वीतभर खोलीवर हिशोब केला तर अडीच-तीन सेंटिमीटर. त्यासाठी कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौपट. बॅटरी लवकर मान टाकणार.

आता दुसऱ्या टोकानं बघा. अंगठी वाळूखाली १५ सेंटिमीटरवर आहे. माणूस उभा, हात लांब, कॉइल तळापासून ५ सेंटिमीटर वर तरंगतेय. पाव मीटर व्यासाची ती कॉइल तळाला टेकवली, की त्याच अंगठीचा संकेत तिप्पट होतो. एक पैसाही खर्च न करता. पाण्यात हे जमणं मात्र सोपं नाही. पोकळ कॉइल वर उचलली जाते, वाहतं पाणी तिला ओढतं, पायाखाली शेवाळ. म्हणून मुरलेला माणूस दांडा आखूड करतो, वाकतो, कॉइल तळावरून सारवल्यासारखी फिरवतो. घाई केली की गेलं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे.

मग मोठी कॉइल लावली तर? हंडा शोधायचा असेल तर जरूर लावा. नथ शोधायची असेल तर मोठ्या कॉइलचं विरळ क्षेत्र तिच्यावरून तसंच निघून जातं. शिवाय पाण्यात ती ओढताना खांदा निखळायची वेळ.

(दृश्य : एक हात लोहचुंबक कोरड्या वाळूतून फिरवतो. क्लोजअप.)

हे नीट बघा. घाटाजवळची मूठभर वाळू वाळवली आणि तिच्यातून साधं लोहचुंबक फिरवलं. त्याला काळी, बारीक मिशी फुटली. झटकली तरी पडत नाही.

हा मॅग्नेटाइट. नाशिकचा सगळा परिसर बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्या खडकातलं चुंबकीय खनिज झिजून नदीच्या वाळूत उतरलं आहे. लोकांना वाटतं डिटेक्टरला अडचण पाण्याची. गोड्या पाण्याला ही यंत्रं जवळजवळ जुमानत नाहीत. १० किलोहर्ट्‌झचं क्षेत्र त्यातून कित्येक मीटर आरपार जातं. अलिबागच्या समुद्रात गोष्ट निराळी. खारं पाणी वीज वाहतं, तेच धातूसारखं कुरकुरायला लागतं, म्हणून यंत्रावर समुद्रकिनाऱ्याचं वेगळं सेटिंग असतं. गोदावरीत ते लावून बसणारे महाभाग आम्ही पाहिलेत. इथं शत्रू पाणी नाही, काळी रेती आहे.

ही रेती कॉइलखाली आली की यंत्राला जमिनीचाच आवाज एवढा मोठा येतो, की अंगठीचा चिवचिवाट त्यात बुडतो. मग शिकाऊ माणूस काय करतो? सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा त्याचं, बटण शेवटापर्यंत पिळतो. आवाज अंगठीचाही वाढतो आणि जमिनीचाही. हाती लागतो गोंगाट. काळ्या रेतीत सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणली, तर खोली बहुतेक वेळा वाढते. ऐकायला उलटं वाटेल, पण हेडफोनमधली गुणगुण स्थिर झाली की तिच्यातला बारीकसा चढही कानाला लागतो.

दुसरं काम ग्राउंड बॅलन्सचं. कॉइल तळाजवळ खाली-वर करून यंत्राला सांगायचं, ही इथली जमीन, हिच्याकडे दुर्लक्ष कर. बरेच जण हे काठावर, फरशीवर उभं राहून करतात. तिथली जमीन वेगळी, तळाची वेगळी. ते पाण्यात उतरून, तळावरच करायचं. पल्स इंडक्शनचं यंत्र असेल तर ते झटका देऊन थांबतं आणि धातूतला प्रवाह विरताना ऐकतं, त्यामुळे काळ्या रेतीला तुलनेनं कमी बिथरतं. पूर्ण बिनघोर तेही नाही. आणि लोखंड कुठलं, सोनं कुठलं, हे त्याला धड सांगता येत नाही. घाटावर ते सांगता न येणं म्हणजे दिवसभर खिळे उपसणं.

(दृश्य : कॉइलचं प्लास्टिक कव्हर काढलं जातं. आतून काळा गाळ सांडतो.)

बारीकसारीक गोष्टीच खोली खातात. कॉइलच्या कव्हरमध्ये साचलेली ही काळी रेती यंत्र प्रत्येक फेरीला ऐकत होतं. दांड्यावर सैल लोंबणारी वायर पाण्यानं हलली की खोटा आवाज येतो. बॅटरीच्या झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, वाळूचा एक कण राहिला तरी पाणी वाट काढतं. ती पुसायची, बोटानं सिलिकॉन ग्रीस लावायचं, मगच झाकण फिरवायचं. ब्लूटूथचा हेडफोन पाण्याखाली मुका होतो, तिथं वायरच हवी.

आता घाटाबद्दल. पायऱ्यांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया आहेत आणि त्यांच्याजवळ भलंभलं यंत्र आंधळं होतं. ही रड जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधू दिलं तेही चुकीच्या बाजूला. सळईजवळ मोठी कॉइल निरुपयोगी, तिथं छोटी लावून इंचाइंचानं सरकायचं.

(दृश्य : पांढऱ्या कापडावर मांडलेले दागिने आणि नाणी.)

काय हरवलं आहे, त्यावरही खोली ठरते. अखंड अंगठी सगळ्यात सोपी, कारण प्रवाहाला फिरायला पूर्ण वेटोळं मिळतं. जोडवी बहुतेक वेळा मधून चिरलेली असतात, वेटोळं तुटतं, आवाज पडतो. सोनसाखळी तर यंत्राला साखळी म्हणून दिसतच नाही, दिसते ती एकेक कडी. वजन दोन तोळे असेल, आवाज एका कडीचा. मंगळसूत्र हरवलं तर मण्यांचा नाद सोडा, वाट्यांवर भिस्त ठेवा. आडवं पडलेलं नाणं जितकं बोलतं तितकं उभं रुतलेलं बोलत नाही. आणि आपली स्टेनलेस स्टीलची नाणी लोहचुंबकाला चिकटतात, म्हणून दोरीवाल्या पोरांचं भागतं. डिटेक्टरवर लोखंड वगळण्याचं सेटिंग चढवलं, तर तीच नाणी गाळली जाऊ शकतात. हे सेटिंग जितकं कडक, तितकी खोलीही कमी.

घाटापासून हाकेच्या अंतरावर सराफ बाजार आहे. तिथल्या दुकानांची माती धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम यंत्राविना करत आले. पाटीत माती घ्यायची, पाणी घालून हलवायची, हलकं वर येतं ते सांडून द्यायचं. तळाशी जड ते उरतं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बेसॉल्टच्या वाळूची तीनच्या आसपास. नदीसुद्धा पुरात एक मोठी पाटीच हलवत असते. सोनं वाळूतून खाली खाली जातं आणि जिथं मुरूम, चिकणमाती किंवा खडक लागतो तिथं थांबतं. तो थर हातभर वाळूखाली असेल तर जगातलं कुठलंच हातातलं यंत्र तुमची अंगठी दाखवणार नाही. पण पुरानं वरची वाळू खरवडून नेली असेल, तर साधं यंत्रही तिथं पोहोचतं. म्हणून जाणता माणूस पूर ओसरल्यावर आधी काठावर बसून नुसता तळ बघतो. कुठं गोटे उघडे पडलेत, प्रवाह कुठं वळतो, कुठल्या दगडामागे पाणी मंदावतं. आमच्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा ही बैठक मोलाची आहे.

(दृश्य : अंजनेरीचा डोंगर, त्र्यंबकेश्वर रस्ता.)

जुनं नाणं निघालं तर? १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खिशात टाकून घरी न्यायचा नाही. घासून चकचकीत तर मुळीच करायचा नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या अभ्यासकांच्या लेखी नाणं कुठं, कशाबरोबर आणि किती खोल होतं, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची.

(दृश्य : पुन्हा पाण्यात. दोन माणसं दोरी ताणून धरतात.)

कालपरवाची अंगठी शोधायची असेल, तर मात्र उशीर करू नका. पडल्या दिवशी ती बहुधा वरच्याच थरात असते. पायांनी आणि प्रवाहानं ती रोज खाली जाते. पडली त्या क्षणी जागचे हलू नका, तिथंच दगड बांधलेली चिंधी टाका. बाकीच्यांना काठावर काढा. धरणातून विसर्ग सुरू असेल तर अंगठी राहू द्या, पाण्यात उतरायचं नाही. पाणी शांत असेल तर चिंधीपासून प्रवाहाच्या दिशेनं दोरी ताणा, तीन-चार फुटांचा पट्टा आखा, कॉइल तळाला टेकवा आणि तो पट्टा संपल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.