टँकर यायचा हाये

(दृश्य : तालुक्याच्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप, सकाळचे सात. मशीनला दोरी बांधलेली, रांग रस्त्यापर्यंत.)

"पेट्रोल नाही बाप्पा, टँकर यायचा हाये." पंपावरचा पोरगा पहाटेपासून एवढंच सांगतोय आणि रांगेतला जो तो त्याच्यावरच खेकसतोय. एवढ्या मोठ्या साखळीत ज्याच्या हातात काहीच नाही, असा माणूस तोच.

विदर्भातल्या पंपांना माल येतो तो तेल कंपन्यांच्या डेपोंतून : अकोल्याजवळच्या गायगावहून, नागपूरकडच्या खापरी आणि बोरखेडीहून, चंद्रपूरजवळच्या ताडाळीहून. टँकर साधारण १२ ते २४ हजार लिटरचा, आत वेगवेगळे कप्पे. एका कप्प्यात पेट्रोल, दुसऱ्यात डिझेल असंही चालतं. डीलरला, म्हणजे पंपाच्या मालकाला, बहुधा पैसे आधी भरावे लागतात, मग गाडी सुटते. १२ हजार लिटर पेट्रोल म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. गावाकडच्या लहान पंपाची ओढाताण इथूनच सुरू होते.

आता हिशेब पाहा. रोज २,००० लिटर पेट्रोल खपणारा पंप धरा. दुचाकीवाला एरवी दोनशे रुपयांचं, म्हणजे जेमतेम दोन लिटर भरतो. हजार गाड्या, दोन हजार लिटर. मोबाइलवर 'उद्यापासून पेट्रोल बंद' असा मेसेज फिरला, की त्याच हजार गाड्या टाकी फुल्ल करतात. गाडीमागे सात लिटर धरले तरी सात हजार. वर दोनशे जण पाच-पाच लिटरचे डबे घेऊन आले, आणखी एक हजार. चार दिवसांचा साठा एका दिवसात संपला. गावानं त्या दिवशी जाळलं मात्र रोजच्याइतकंच, दोन हजार लिटर. बाकीचे सहा हजार गावातच आहेत, गाड्यांच्या टाक्यांत आणि घरच्या कॅनींमध्ये.

१ आणि २ जानेवारी २०२४ ला हेच झालं. भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या कलमाविरुद्ध ट्रक-टँकरच्या चालकांनी स्टेअरिंग सोडलं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि नागपुरात पंपांवर रात्रीच्या रांगा लागल्या. २ तारखेच्या रात्री बोलणी होऊन ते कलम तूर्त लागू न करण्याचं आश्वासन मिळालं. दोन दिवसांच्या आंदोलनानं पंप कोरडे पडावेत, एवढा साठा खरं तर कमी नसतो. आपल्या डब्यांनी ते काम पुरं केलं.

म्हणून डीलर धुतल्या तांदळाचा, असंही नाही. २१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं आणि पेट्रोल साडेनऊ, डिझेल सात रुपयांनी उतरणार असं जाहीर झालं. त्या रात्री ज्याच्या टाकीत दहा हजार लिटर पेट्रोल होतं, त्याचे सकाळपर्यंत पंच्याण्णव हजार गेले. तेव्हापासून भाव उतरण्याची कुणकुण लागली की काही डीलर टाकी जाणूनबुजून हलकी ठेवतात. धंद्याच्या हिशेबानं चूक नाही, पण पेरणीच्या तोंडावर त्याची किंमत शेतकरी मोजतो. आणि कंपन्यांचं काय? बहुतेक पंपांच्या टाक्यांत आता स्वयंचलित मोजणी आहे, कुठल्या पंपावर किती माल उरला ते कंपनीला स्क्रीनवर दिसतं. 'आम्हाला कळलंच नाही' ही सबब आता चालणार नाही.

कडी कुठे तुटली, हे रांगेत उभ्या उभ्याही ताडता येतं. तालुक्यातले सगळ्या कंपन्यांचे पंप एकाच वेळी कोरडे, तर खोट डेपोत, चालकांत किंवा रस्त्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथे कोणाला शिव्या देणार? एकाच कंपनीचे पंप बंद, तर त्या कंपनीचा पुरवठा आटलाय. एकच पंप बंद आणि चार किलोमीटरवरचा त्याच कंपनीचा सुरू, तर डीलरचे पैसे अडकलेत किंवा त्यानं मागणीच उशिरा नोंदवली. डिझेल आहे, पेट्रोल तेवढं नाही, तर बहुतेकदा ती घबराटीची खरेदी.

(दृश्य : ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर, जवळून. पान्याखाली सैल होणारा बोल्ट.)

टंचाईत ट्रॅक्टर तळाला जाईपर्यंत चालवू नका. ४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटरवर एकरी साधारण पाच लिटर लागतं. डिझेल मोजकं असेल तर ते तिथेच वापरा. बैलजोडी असेल तर तिफण आणि डवऱ्याची कामं तिच्यावर सोपवा. टाकी रिकामी झालीच, तर पाइपात हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. त्यामुळे इंजिनाच्या पंपानं कितीही ढकललं तरी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, उघडण्याइतका दाब तयार होत नाही. मग सेल्फ मारून मारून बॅटरी तेवढी बसते.

ही हवा काढायची तर आधी टाकीत आठ-दहा लिटर डिझेल घाला, कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहा. आधी पांढरा फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की दाबतानाच बोल्ट आवळा. दुसऱ्या फिल्टरला तेच, मग इंजेक्शन पंपाच्या बोल्टला तेच. तरीही सुरू होत नसेल तर इंजेक्टरकडचे नट एकेक सैल करून सेल्फ मारा, एका वेळी पंधरा सेकंदांहून जास्त नाही. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या, २०२३ नंतरच्या ट्रॅक्टरांत बहुधा कॉमन रेल असतं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून फार मोठ्या दाबानं डिझेल मिळतं. त्यांचे इंजेक्टरचे नट वावरात सोडू नका. त्या दाबाची धार कातडी फोडून आत घुसते.

बीएस-सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या दुचाकीचंही असंच काहीसं आहे. तिचा इंधन पंप टाकीतच बसवलेला असतो आणि पेट्रोलातच थंड राहतो. रोज काटा तळाला नेला की तो कोरडा फिरून लवकर जातो. पाव टाकी ही खालची हद्द धरा.

साठवायचंच असेल तर कायदा माहीत असू द्या. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं. धातूचा डबा असला तरी एका डब्यात २५ लिटरच्या वर नाही. डिझेलची मर्यादा मोठी आहे, २,५०० लिटर. पानठेल्यावर बाटलीतून पेट्रोल विकणारा या सवलतीत बसत नाही. त्याची बाटली खरंच एक लिटरची आहे का, हेही एकदा मापून पाहा.

डबा जमिनीवर ठेवूनच भरून घ्या, गाडीवर अडकवून नाही, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडायला वेळ लागत नाही. वीस लिटरच्या डब्यात एकोणीसच भरा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, पेट्रोल फुगतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. म्हणून डबा घरात नको.

(दृश्य : टँकर पंपावर लागतो. चालक झाकण उघडतो.)

टँकर आला की लगेच गर्दी करू नका. आधी सील तपासतात, मग प्रत्येक कप्प्यात डिपरॉड, म्हणजे मापाची काठी, सोडतात, घनता मोजून मालासोबतच्या चलनाशी ताडतात. पंपाच्या टाकीच्या डिपरॉडच्या टोकाला पेस्ट लावलेली असते, तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. पावसाळ्यात ही पेस्ट नीट पाहायला हवी. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून तळाला बसतात. साठा खाली गेलेल्या टाकीत नवा माल ओतला की हा गाळ ढवळतो. म्हणून टाकी भरताना त्या टाकीची विक्री थांबवतात. पोरगा "थोडं थांबा" म्हणतो ते यासाठी.

भेसळीची शंका वाटली तर फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून पेपरवर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक. माप खटकलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप भरून दाखवायला सांगा, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. साठा असूनही पंप बंद ठेवलाय असं वाटलं, तर फलकावरचा साठा, मशीनचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. तक्रार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत करा, विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावरच लावलेला असतो.