पंच : स्पेलिंग एक, घराणी अनेक

[दृश्य : एसटी कंडक्टरचा जुना तिकीट-पंच, अगदी जवळून. शेजारी कागदाच्या बारीक टिकल्यांचा ढीग.]

हा पंच. मुलामा उडालेला, मुठीत मावणारा. कंडक्टरच्या हातात असताना त्याला दोन कामं होती. तिकिटाच्या कडेला छापलेल्या टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचं, हे एक. दुसरं ऐका.

[ध्वनी : दांड्यावर पंचाची टकटक.]

‘तिकीट, तिकीट’ करून घसा बसला की ही टकटक सुरू व्हायची, आणि मागच्या बाकावर डुलक्या काढणारासुद्धा खिसा चाचपायला लागायचा.

इंग्रजीत या अवजाराचं नाव पंच. ठोशाचंही नाव पंच. लग्नाच्या हॉलमध्ये ट्रेमधून फिरतं ते रंगीत पेयही पंच. कळसूत्री खेळातला एक नाकाड्या, लंडनचं एक विनोदी साप्ताहिक, सफोकमधली घोड्यांची एक जात, सगळे पंचच. मोठा इंग्रजी शब्दकोश उघडलात तर ‘पंच’ एकदाच भेटत नाही. क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा येतो. स्पेलिंग सारखं, पण ही सगळी एका आईची लेकरं नव्हेत.

[दृश्य : पंक्चरचं दुकान. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब, एका जागेवरून निघणारे बुडबुडे.]

अवजाराचं घराणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्पष्ट. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यावरून फ्रेंचमध्ये टोच्याला ‘पुआंसाँ’, तिथून इंग्रजीत ‘पंचन’, आणि शेपूट गळून ‘पंच’. याच घरातले पॉइंट, पंक्चुअल, आणि या घमेल्यात आत्ता सापडलेलं पंक्चरही.

[दृश्य : म्हाताऱ्या कारागिराचे हात. पोलादाची बोटभर कांडी, भिंग, कानस.]

आता जरा थांबा. या घराण्यातल्या ज्या पंचावर मराठी छपाई उभी राहिली, तो हा. पोलादाची बोटभर कांडी. हिच्या टोकावर एक अक्षर कोरायचं आहे. हे हात एका निवृत्त कारागिराचे आहेत. नाव देऊ नका म्हणाले, म्हणून देत नाही.

अक्षर ‘क’ आहे. डावीकडचा बंद गोल दिसतोय? त्याच्या आतली पोकळी छिन्नीनं नीट निघत नाही. म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा एक वेगळा पंच आधी तयार होतो. त्याला म्हणतात काउंटरपंच. पोलाद अजून मऊ आहे. काउंटरपंच त्यावर धरला, हातोडीचा एक नेमका घाव घातला, की आतली पोकळी बसली. मग बाहेरची कड कानशीनं उतरवायची. थोडी, पुन्हा थोडी. जास्त उतरली तर भरून काढता येत नाही. कांडी फेकायची आणि नवी घ्यायची.

[दृश्य : मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेलं पंचाचं टोक. ते कागदावर दाबलं जातं. काळा, स्वच्छ ‘क’.]

ही काजळीची चाचणी. शाई नाही, प्रेस नाही. टोक ज्योतीवर धरायचं, काजळी धरली की कागदावर दाबायचं. अक्षर पाहायचं, मान हलवायची, पुन्हा कानस. आम्ही चित्रण करत होतो तेव्हा ही मान बऱ्याचदा हलली.

अक्षर मनासारखं झालं की कांडी लालबुंद तापवून पाण्यात. पोलादाला पाणी पाजलं की ते इतकं कडक होतं की तांब्यात घुसतं. तांब्याच्या तुकड्यावर हा पंच ठोकला की साचा तयार, आणि त्या साच्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर. पंचावर अक्षर उलटं, साच्यात सुलटं, खिळ्यावर पुन्हा उलटं आणि कागदावर सुलटं. चार कोलांट्या.

इंग्रजीला मोठी-लहान अक्षरं, आकडे आणि चिन्हं धरून अशा कांड्या शंभराच्या आसपास पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं. तिथं हिशेब शेकड्यांनी जातो.

[दृश्य : जुन्या छापील पानांची स्थिरचित्रं.]

1778 मध्ये बंगालात हुगळीला हॅलहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं. त्याचे खिळे चार्ल्स विल्किन्सनं केले, आणि त्याच्या हाताशी होता एक लोहार, पंचानन कर्मकार. पंचानन म्हणजे पाच मुखांचा, शंकर. पंच कोरणाऱ्याचं नावच पंचानन! योगायोगापलीकडे त्यात काही नाही, तरीही सांगितल्यावाचून राहवत नाही. हाच पंचानन पुढे बंगालातल्याच श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याकडे गेला आणि त्यानं तिथं देवनागरीचं काम हाती घेतलं. 1805 मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण त्याच छापखान्यातून देवनागरी खिळ्यांत निघालं. म्हणजे छापील मराठी देवनागरीचा एक पाय बंगालच्या लोहारशाळेत आहे.

[दृश्य : मुंबईतला जुना छापखाना. लाकडी केसमधून खिळे उचलणारी बोटं.]

मुंबईत हे कसब अमेरिकन मिशनच्या छापखान्यात रुजलं. तिथं शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. तिथंच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये खिळ्यांची फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या वळणदार अक्षरांची तारीफ सगळे करतात. ती पोलादावर कोरणारे राणूजी रावजी आरू मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. मुद्रकाचं नाव पुस्तकावर येतं, पंच कोरणाऱ्याचं येत नाही.

मग ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले.

[दृश्य : बॉक्सिंगची तालीम. दोन मुली, हातात ग्लव्ह्ज. कोच ओरडतो, ‘काउंटरपंच!’]

हा शब्द आत्ताच ऐकलात. छापखान्यातला काउंटरपंच पोकळी कोरतो, इथला नाक फोडतो. ठोसा या अर्थाचा पंचही टोचण्याच्याच घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ढोसणं, काठीनं डिवचणं. अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला म्हणूनच ‘काऊपंचर’ म्हणत. तो गाईंना ठोसे मारत नव्हता. काठीच्या जागी मूठ नंतर आली.

[दृश्य : गोवा. माडावर चढणारा रेंदेर. सुरेचं मडकं. भाटीखालचा जाळ.]

पेयाची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्याकडची आहे. निदान तसा दावा आहे.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या काळात तो मुंबईत होता. रोगी तपासायला जुन्नरपर्यंत जाऊन आला. 1698 मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात तो म्हणतो, उत्तम अरक ‘नेरूल’ला होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून ‘पाँच’ नावाची अंग गाळून टाकणारी दारू बनवतात. हिंदुस्थानीत पाँच म्हणजे पाच, कारण तिच्यात पाच जिन्नस असतात. बार्देशात नेरूल आजही आहे. हा माड तिथलाच.

आपल्याला हे चटकन पटतं. ज्यांच्या घरी दूध, दही, तूप, मध, साखर मिळून पंचामृत होतं, त्यांना पाच जिनसांच्या पेयाला पंच म्हणायला वेगळा पुरावा लागत नाही. ‘इंग्रजांनी आपला पाच उचलला’ असा निरोप तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल.

पण फ्रायरच्या आधीचे कागद अडचण करतात. कंपनीच्या एका नोकराच्या 1632 सालच्या पत्रात ‘पंच’ पिण्याचा उल्लेख आहे, जिनसांची यादी नाही. 1638 मध्ये सुरतेकडे येणाऱ्या जहाजावर मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाला हे पेय मिळालं. त्यानं यादी दिली : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चारच.

दुसरी अडचण उच्चाराची. सतराव्या शतकातला इंग्रज हे स्पेलिंग ‘पुंच’च्या जवळ जाईल असं वाचत असे, पाच आणि पुंच यांत बरंच अंतर आहे. आणि जहाजावर दारूचं जे मोठं पिंप असे, त्याचंही नाव ‘पंचन’. खलाशांनी पिंपाचं नाव पेयाला दिलं, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला फ्रायर आवडतो, कारण तो इथं राहून, पिऊन लिहितो. पण त्यानं सांगितलेली व्युत्पत्ती पेला संपल्यावर सुचलेली असू शकते.

एक गंमत मात्र खरी. आपला पाच, ग्रीकांचा पेंटे आणि इंग्रजांचा फाइव्ह हे एकाच मुळातले. त्याच मुळातून इंग्रजीतलं बोट, म्हणजे ‘फिंगर’, आणि मूठ, म्हणजे ‘फिस्ट’, आले असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. तसं असेल तर ठोशाचा पंच पाचातला नाही, पण ज्या मुठीनं तो मारतात ती असेल.

[दृश्य : लंडन, कॉव्हेंट गार्डन. सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर कोरलेली अक्षरं. एका मित्रानं फोनवर टिपलेलं.]

हा तिसरा पंच. या जागेजवळ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पंचचा खेळ झाला आणि रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सनं तो पाहिला, असं भिंत सांगते. साल 1662. बाहुला इटलीतून आला होता. नेपल्सच्या नाटकांतला पुल्चिनेल्ला, चोचीसारख्या नाकाचा. ‘पुल्चिनो’ म्हणजे कोंबडीचं पिलू. इंग्रजांच्या जिभेवर त्याचा पंचिनेलो झाला, मग नुसता पंच. त्याच्याच ठेंगण्या, गुबगुबीत अंगामुळे सफोकच्या घोड्याला हे नाव मिळालं, असं सांगतात.

[दृश्य : जुन्या व्यंगचित्रांची पानं.]

1841 मध्ये लंडनला त्याच्या नावानं साप्ताहिक निघालं. संपादकांत एक होते मार्क लेमन, आणि लिंबाशिवाय पंच कसला, हा विनोद बारशालाच झाला असं म्हणतात. चेष्टेच्या चित्राला ‘कार्टून’ म्हणणं रूढ झालं ते याच साप्ताहिकामुळे, 1843 पासून. मुंबईत त्याची नक्कल पारशी मंडळींनी केली. ‘पार्सी पंच’ निघालं, पुढे त्याचं ‘हिंदी पंच’ झालं. लखनौला ‘अवध पंच’, ठाण्याला मराठी ‘हिंदुपंच’. हिंदी पंचमध्ये लंडनच्या मिस्टर पंचचा झाला पंचोबा. म्हसोबा, खंडोबा, पंचोबा! नेपल्सचं कोंबडीचं पिलू मुंबईत येऊन बसलं ते असं, आणि गावचा न्याय करणारे आपले पंच त्याच्यात केव्हा मिसळले ते वाचकांना कळलंही नसेल.

[दृश्य : येवला. हातमागावर दोरीनं ओवलेली पुठ्ठ्याची कार्डं, एकामागून एक सरकणारी.]

परत टोच्याकडे. हा जकार्ड. कार्डात जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते आणि तो धागा उचलला जातो. भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. काठावरचं नक्षीकाम म्हणजे भोकांची मांडणी. फ्रान्समध्ये जोझेफ जकार्डनं हे 1804 च्या सुमारास बसवलं. 1890 मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथनं माणसं अशाच भोकांनी मोजली, आणि कॉम्प्युटरची पहिली कार्डं तिथून आली.

कारखान्याच्या फाटकावरही हजेरीचं कार्ड आलं. यंत्रात सरकवायचं, खट्ट, वेळ उमटली. त्यालाही म्हणाले पंच.

[दृश्य : हिंजवडी, सकाळ. दारावरचं बायोमेट्रिक यंत्र. एकामागून एक बोटं.]

इथं कार्ड नाही, भोक नाही, टोचणारं काहीच नाही. तरी सगळे एकमेकांना विचारतात, ‘पंच केलास का?’ नऊ-तीसचा पंच चुकला तर अर्धा दिवस कापतात.