वरळीतली बतुकम्मा

(दादर, फुलबाजार. पहाट.)

झेंडूचा भाव पाडून मागणाऱ्या या दोघी वरळीच्या. सासर-माहेर दोन्ही मूळचं तेलंगणातलं, जन्म मात्र बीडीडी चाळीतला. घासाघीस अर्थातच मराठीत. फुलं हवीत ती बतुकम्मासाठी: फुलांचा मनोरा रचून त्याभोवती फेर धरायचा, असा हा तेलंगणातल्या बायकांचा सण; मनोऱ्यालाही बतुकम्माच म्हणतात. झेंडू, शेवंती इथे हवी तेवढी मिळते. तरवड आणि कुरडू दादरला कोण विकणार? ती फुलं करीमनगरहून रात्रभर धावून आलेल्या बसमधून उतरतात, ओल्या गोणपाटात बांधलेली.

(चाळीचा व्हरांडा. हात, जवळून.)

ताटात आधी भोपळ्याची पानं. त्यावर तरवडाचा पिवळा थर. मग कुरडू. त्याचे देठ सारखे कापायचे, जुड्या बांधायच्या, तुरे रंगात बुडवायचे. थरावर थर गोल चढवत वर निमुळतं व्हायचं. आत पोकळी राहिली तर सगळं खचतं, म्हणून मध्ये पानं आणि उरलेले देठ दाबून भरतात. शेवटी वर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस हा सण चालतो. सगळ्यात मोठी बतुकम्मा अष्टमीची. जुड्या बांधायला बसलेल्यांत शेजारच्या मालवणी काकू आहेत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, दरवर्षी येतात.

(पटांगण. फेर. निवेदन थांबतं, गाणं चालू राहतं.)

टाळ्यांचा हा फेर मराठी बाईला शिकवावा लागत नाही. याच आश्विनात पाटावर हत्ती मांडून ती भोंडला खेळत आली आहे. ‘उय्यालो’ एवढं धृपद तोंडात बसलं की झालं.

तेलुगू माणसं मुंबईत आली ती दोन वाटांनी. आधी आले कामाठी, निजामाच्या मुलखातून, बांधकामावर. कामाठीपुरा त्यांच्याच नावानं वसला. त्यांच्यातले काही जण मोठे ठेकेदार झाले. आणि हे ठासून सांगायला हवं, की १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला, त्या कामाला मुंबईतून बळ देणाऱ्यांत व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू हे तेलुगू ठेकेदार होते. महाराष्ट्र घडवणाऱ्या चळवळीत ज्यांनी स्वतःची पदरमोड केली, त्यांना बाहेरचे कसे म्हणायचं?

दुसरी वाट पद्मशालींची. पिढीजात विणकर. हातमागावर बसलेला हात गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, कामी आला. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींत, १६० चौरस फुटांच्या खोल्यांत, यांची बिऱ्हाडं कोकणी-घाटी बिऱ्हाडांना लागून थाटली गेली.

(जुने साचेवाले आजोबा. भिंतीवर गणपतीशेजारी मार्कंडेय ऋषींची तसबीर.)

तुटलेला धागा कसा जोडायचा, ते आजोबा हवेतच करून दाखवतात. गणपती मंडळाला ते सुरुवातीला नुसती वर्गणी द्यायचे. एका वर्षी मंडळानं पावतीपुस्तकच त्यांच्या हाती दिलं. मग मजल्यामजल्यावर फिरणं, प्रत्येक घराचं नाव मराठीत लिहिणं, कमी देणाऱ्याशी हुज्जत घालणं. आपण या चाळीचे झालो हे तेव्हा मनाला पटलं, असं ते सांगतात. गिरणीतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीनं ते झालं नव्हतं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, कामं गेली, काहींनी भिवंडी-सोलापूरचे माग गाठले. आता चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत.

(मुली, हातात मोबाइल.)

नातींना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून बतुकम्माची गाणी त्यांनी मोबाइलवर देवनागरीत उतरवून घेतली आहेत. गावाकडच्या आत्या यावर नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. गाण्याची ओढच नसती, तर लिहून घ्यायची तसदी कुणी घेतली असती? लेझीम पथकात पुढे असलेली ही मुलगी बघा, फेरातही तीच गाणं सांगते आहे. लेझीम शिकली म्हणून तिची बतुकम्मा कमी झाली, असं आम्हाला कुठेच दिसलं नाही.

नव्या इमारतीत पटांगण नाही, पोडियम आहे, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची सामायिक मोकळी गच्ची. तिथे फेर धरायला परवानगी मिळावी म्हणून या मुलींनी अर्ज लिहिलाय, भोंडला आणि बतुकम्मा दोन्हींसाठी एकच. खाली सह्या मराठी आणि तेलुगू, दोन्ही घरच्या बायकांच्या. सोसायटीचं उत्तर अजून यायचंय.