कडेच्या खुर्चीवरून स्पीकर निवडताना

मंडळी, मोठ्या हॉलसाठी होम थिएटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं घेऊ?" मी उलट विचारतो, तुमच्या हॉलमध्ये सगळ्यात वाईट जागी कोण बसतं?

आमच्या घरी ती जागा वडिलांची. भिंतीलगतची, टीव्हीपासून बरीच एका अंगाला असलेली खुर्ची. सिनेमा सुरू झाला की थोड्या थोड्या वेळानं त्यांचा प्रश्न, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवावा, तर पुढच्याच मारामारीत आतलं बाळ दचकून उठायचं. कित्येक महिने मी त्यांच्या कानांनाच दोष देत होतो. एकदा सहज त्या खुर्चीत बसलो, तर संवाद मलाही कळेनात. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सिनेमातले बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध ठेवलेल्या स्पीकरमधून येतात. आमचा सेंटर नेहमीच्या पद्धतीचा होता: आडवा डबा, मधे ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर), दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालच्या-मधल्या स्वरांचा मोठा स्पीकर). हे दोन्ही वूफर एकच आवाज काढतात. अगदी समोर बसलात तर दोघांचं अंतर सारखं. बाजूला सरकलात की एक जवळ, एक लांब. समजा दोघांच्या मध्यबिंदूंत 34 सेंटिमीटर अंतर आहे आणि तुम्ही 30 अंश कडेला बसला आहात. मग एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा 17 सेंटिमीटर जास्त चालून तुमच्यापर्यंत येतो. 1000 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण 34 सेंटिमीटर, म्हणजे 17 ही तिची बरोबर अर्धी. एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हा खड्डा पडतो तो नेमका शब्द ओळखू येण्याच्या पट्ट्यात. वॅट वाढवून तो भरत नाही.

म्हणून मोठ्या हॉलसाठी थ्री-वे सेंटर बघा, म्हणजे उंच, मधल्या आणि खालच्या स्वरांना वेगवेगळे स्पीकर असलेला. त्यात ट्वीटरच्या बरोबर खाली मधल्या स्वरांचा छोटा मिडरेंज असतो आणि वूफर दोन बाजूंना फक्त खालचे स्वर सांभाळतात. टीव्हीखाली उंची मिळत असेल, तर डाव्या-उजव्या स्पीकरसारखाच एक उभा बुकशेल्फ (फळीवर मावेल असा छोटा) स्पीकर मधे ठेवला तरी उत्तम. पुढचे तिन्ही एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर पडद्यावरून चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधेच बदलतो. खरेदीआधी फक्त सेंटर चालू ठेवायला सांगा आणि संवाद चालू असतानाच समोरून हळूहळू कडेला सरका. आवाज थोडा कमी झाला तर चालेल. पोकळ झाला, नाकातून आल्यासारखा वाटला, तर तो स्पीकर तिथंच सोडा.

आता वॅटचं बोलू. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. 1 वॅटवर 1 मीटरला 88 डेसिबल देणारा (हा आकडा म्हणजे त्याची संवेदनशीलता) स्पीकर 4 मीटरवर 76 वर येतो. खोलीत भिंतींची मदत होते, त्यामुळे घट थोडी कमी. उलट ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर हाती लागतात फक्त 3 डेसिबल. म्हणजे 88 ऐवजी 94 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतलात, तर तेवढ्याच आवाजाला पाव ताकद पुरते. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटपेक्षा हा बारीक अक्षरातला आकडा आधी शोधा.

बासचं, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या स्वरांचं गणित वेगळं आहे. हॉल जेवणाच्या जागेला आणि पॅसेजला उघडा असेल, तर सबवूफरला (फक्त बाससाठीच्या वेगळ्या स्पीकरला) ती सगळी हवा हलवावी लागते. सोफ्यापुरता विचार करून घेतलेला सबवूफर तिथं धापा टाकतो. शिवाय 20 हर्ट्झची लहर 17 मीटर लांब असते. अशा लांब लहरी भिंतींवर आपटून कुठे साचतात, कुठे नाहीशा होतात. सोफ्याच्या एका टोकाला घुमतंय आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, हे त्यामुळे होतं. एक भलामोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याशी ठेवून बघा. सगळ्या जागांवरचा बास पुष्कळ सारखा होतो. एकच घ्यायचा असेल तर तो चक्क सोफ्यावर ठेवा, बासचा तुकडा लावा आणि स्वतः भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगा. जिथं बास गच्च पण स्वच्छ ऐकू येईल, तिथं सबवूफर नेऊन ठेवा.

सराउंड स्पीकरना, म्हणजे बसणाऱ्यांच्या बाजूला किंवा मागे लावायच्या स्पीकरना, मी सगळ्यात कमी पैसे देतो. पण जागा चुकवू नका. कडेला बसणाऱ्याच्या कानाजवळ सराउंड आला, तर समोरचं सगळं झाकोळतं. वडिलांच्या खुर्चीशेजारचा आमचा सराउंड मी दोन फूट वर चढवला आणि सोफ्याच्या मध्याकडे वळवला.