रैयोलीच्या माळावर

श्रोतेहो, नमस्कार. गुजरातमधील बालासिनोरजवळ रैयोली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २०१९ साली डायनासोर संग्रहालय सुरू झाले. माझी विनंती अशी की, जमल्यास आधी शेजारचा जीवाश्मांचा माळ पाहावा आणि मग संग्रहालयात शिरावे.

त्या माळावर पाहण्याजोगे काही आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षातच येत नाही. मग चुनखडीयुक्त खडकात एक वर्तुळ दिसते, त्याची कड म्हणजे नखाहून थोडे जाड कवच, आणि आपण साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या अंड्यापाशी उभे आहोत हे उमगते. ही अंडी लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची. ज्या थरात ती आहेत त्याला लमेटा म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून झाला, तो याच थरावर पसरला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यालाही हाच थर उघडा पडला आहे.

राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरचे अवशेष रैयोलीतच मिळाले. १९८०च्या दशकात खणून काढलेल्या या हाडांना २००३ साली नाव मिळाले. संग्रहालयात त्याची प्रतिकृती पाहताना कपाळावरचे बुटके शिंग अवश्य न्याहाळावे.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो याच परिसरातील धोली डुंगरीचा एक दगड. भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना तो १९८४ साली मिळाला. त्यात डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडे आहेत, असे तेव्हा वाटले. पुढे २००१ साली जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला, तेव्हा त्यातील काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता आणि जवळच अर्ध्या मीटरचे, नुकतेच बाहेर आलेले पिल्लू होते. सनाजेह इंडिकस हे त्या सापाचे नाव २०१० साली जाहीर झाले.

हा उलगडा झाला, कारण साप, अंडे आणि पिल्लू ज्या स्थितीत गाडले गेले त्याच स्थितीत तो दगड अखंड राहिला होता. एखादा मणका कुणी आठवण म्हणून खिशात घातला असता, तर ही घटना कायमची हरवली असती. म्हणून रैयोलीला कवचाचा तुकडा सुटा पडलेला दिसला, तरी तो उचलू नये. वाकून पाहावा, आणि शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात, कारण तेव्हा कवचाची कड अधिक ठळक दिसते.