नवा फोन दुकानात टिकतो कशावर?

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात जा आणि पंधरा हजारांपर्यंतचा फोन मागा. काउंटरवर सहा-सात डबे येतात. साधारण सगळ्यांवर हेच लिहिलेलं: पावणेसात इंचांच्या आसपासचा डिस्प्ले, ५,००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी, मागे ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, फाइव्ह-जी. नावं झाकली तर कोणता फोन कुठल्या कंपनीचा, हे रोज विकणाऱ्यालाही चटकन सांगता यायचं नाही. आता या ओळीत आणखी एक डबा आला, नव्या कंपनीचा, तर तो खपेल का?

खपेल, पण त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी डब्यावर छापलेल्या नसतात. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी पैशांचा हिशेब करू. फोनची किंमत १४,९९९ रुपये धरा. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की उरतात साधारण १२,७११ रुपये. यापुढचे आकडे केवळ हिशेबासाठी धरतो, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. वितरक आणि दुकानदार यांचं मिळून ८ टक्के मार्जिन धरलं तर गेले १,०१७. सणासुदीला बँकेच्या कार्डावर सूट द्यावी लागते. त्यात कंपनीचा वाटा १,००० रुपये. वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी ३०० बाजूला, जाहिरातीला ४००. हातात राहिले जेमतेम १०,००० रुपये. चिप, मेमरी, डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरे, चार्जर, जोडणी, वाहतूक आणि पेटंटची रॉयल्टी, म्हणजे दुसऱ्याचं तंत्रज्ञान वापरल्याबद्दल द्यायचे पैसे, हे सगळं एवढ्यात बसवायचं आणि नफाही यातूनच काढायचा.

मोठ्या कंपनीला हेच सुटे भाग स्वस्त पडतात, कारण ती एका वेळी कोट्यवधी नग उचलते. नव्या कंपनीची पहिली मागणी लाखभर फोनची असेल, तर १०,००० च्या हिशेबाने १०० कोटी रुपये गुंतले, आणि तेही फोन विकायच्या कित्येक महिने आधी. चिप आणि मेमरीची मागणी आधी नोंदवावी लागते. मधल्या काळात भाव फिरले तर गणित कोलमडतं. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढली आणि फोनला लागणारी मेमरीही महाग झाली. स्वस्त फोनमध्ये मेमरीचा खर्चातला वाटा मोठा असतो, म्हणून चटका त्यांनाच जास्त बसला.

नवख्या कंपन्या इथे आणखी एका ठिकाणी फसतात. वितरकाकडे गेलेला माल त्या विकला गेला असं समजतात. धंद्याच्या भाषेत तो नुसता सेल-इन. गिऱ्हाइकाने घरी नेऊन चालू केलेला फोन म्हणजे सेल-आउट, आणि खरा आकडा तोच. लाखातले २०,००० फोन दुकानांत पडून राहिले आणि किंमत १,५०० ने उतरवावी लागली, तर पडून असलेल्या प्रत्येक फोनमागे दुकानदाराला फरक भरून द्यावा लागतो. याला प्राइस ड्रॉपचा क्लेम म्हणतात. ३ कोटी रुपये तिथेच गेले. तो क्लेम महिनोन्‌महिने अडकला, तर दुकानदार पुढचं मॉडेल दर्शनी कपाटात ठेवतच नाही.

भांडवल भरपूर असलं म्हणून हे संकट टळतं असंही नाही. अमेरिकेत ॲमेझॉनने जुलै २०१४ मध्ये स्वतःचा फायर फोन आणला. पैसा होता, जगातलं सर्वात मोठं ऑनलाइन दुकान घरचंच होतं. पण त्यात गूगलचं प्ले स्टोअर नव्हतं, आणि मोबाइल नेटवर्क कंपनीच्या कराराशिवाय किंमत ६४९ डॉलर, म्हणजे आयफोनच्या बरोबरीची. काही महिन्यांतच कंपनीने १७ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. तेव्हा ८ कोटी ३० लाख डॉलरचा माल पडून होता.

आता याच्या उलट उदाहरण. जुलै २०१४ मध्येच शाओमीने भारतात मी-३ हा फोन १३,९९९ रुपयांना आणला. त्यातली स्नॅपड्रॅगन ८०० चिप तेव्हा बड्या कंपन्यांच्या खूप महाग फोनमध्ये असायची. विक्री फक्त फ्लिपकार्टवर, त्यामुळे वितरकाचं आणि दुकानदाराचं मार्जिन वाचलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या पेटंट दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने विक्री थांबवली. मग क्वालकॉमची चिप असलेल्या फोनना दर नगामागे १०० रुपये अनामत भरण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. रॉयल्टीचा खर्च आधीच हिशेबात का धरायचा, ते यावरून कळतं. पण शाओमीला मिळालेली ती वाट आता मोकळी नाही. ऑनलाइन विक्रीतली बचत आज सगळेच करतात आणि ती बँकेच्या सवलतीत जिरून जाते.

नथिंग कंपनीने दुसरी वाट धरली. तिचा पहिला फोन जुलै २०२२ मध्ये आला, भारतात ३२,९९९ पासून. चिप मधल्या दर्जाची होती, त्या किमतीत याहून वेगवान फोन मिळत होते. पण पाठ पारदर्शक आणि तिच्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या. टेबलावर पालथा पडलेला तो फोन लांबूनही ओळखू यायचा. सगळे डबे सारखे असताना ओळखू येणं हे फार मोठं भांडवल आहे, असं माझं मत आहे. मात्र ते एकाच बाबतीत मिळवता येतं. कॅमेरा, बॅटरी, वेग, देखणेपणा या सगळ्यांत थोडं थोडं पुढे जायला निघालेला नवा फोन कशासाठीच लक्षात राहत नाही.

मायक्रोमॅक्सचा अनुभव जरा सविस्तर पाहायला हवा. २०१४ च्या सुमारास ही भारतीय कंपनी सॅमसंगशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. जिओवर बोलायला फोर-जी व्होल्टी, म्हणजे फोर-जी नेटवर्कवरूनच कॉल करायची सोय, लागते, आणि देशी कंपन्यांकडे थ्री-जी फोनचा मोठा साठा होता. बाजार काही महिन्यांत पालटला, साठा तसाच राहिला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये देशी मालाच्या बाजूने लोकभावना असताना कंपनी ‘इन’ मालिका घेऊन परतली. इन नोट १ ची किंमत १०,९९९, चिप हेलिओ जी-८५. हीच चिप त्याच वर्षी जुलैत शाओमीच्या रेडमी नोट ९ मध्ये ११,९९९ ला आली होती. म्हणजे पहिला फोन स्पर्धेत अगदी बसणारा होता. पण जानेवारी २०२२ मध्ये इन नोट २ आला तो हेलिओ जी-९५ घेऊन, जी फक्त फोर-जी चिप आहे, आणि किंमत १३,४९०. त्या वेळेपर्यंत १४,००० च्या आसपास फाइव्ह-जी फोन दुकानात आलेले होते. लोकभावनेवर एक फोन विकला जातो. दुसऱ्याच्या वेळी गिऱ्हाईक शेजारचा डबा उचलून पाहतं. नव्या कंपनीने पहिला फोन बाजारात जाण्याआधीच दुसऱ्याची चिप आणि त्याचा पैसा ठरवून ठेवायला हवा, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता नेटवर्कचं. डब्यावर ‘फाइव्ह-जी’ लिहिलं म्हणून तुमच्या घरात ते चालेलच असं नाही. भारतात फाइव्ह-जीच्या लहरींचा मुख्य पट्टा, म्हणजे बँड, एन-७८, साधारण ३,५०० मेगाहर्ट्झचा. वेग चांगला, पण जाड भिंतींपुढे तो कमी पडतो. जिओकडे याशिवाय ७०० मेगाहर्ट्झचा एन-२८ आहे, तो लांब पोचतो आणि घरातही शिरतो. फोनमध्ये एन-२८ नसेल तर ओसरीवर फाइव्ह-जी आणि माजघरात फोर-जी अशी गत होते. शिवाय जिओचं फाइव्ह-जी स्टँडअलोन, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालू असावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं तेव्हा आयफोनवालेसुद्धा डिसेंबरच्या अपडेटपर्यंत थांबले होते. ॲपलला जिथे थांबावं लागलं, तिथे नव्या कंपनीने प्रत्येक नेटवर्कवर महिनोन्‌महिने चाचणी घ्यायची तयारी ठेवावी.

सॉफ्टवेअरमध्येही अशा अदृश्य पायऱ्या आहेत. गूगलच्या चाचण्या पार केल्याशिवाय प्ले स्टोअर अधिकृतपणे देता येत नाही, आणि प्रमाणपत्र नसलेल्या फोनवर बँकांची कित्येक ॲप उघडतच नाहीत. ज्या देशात भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे जातात, तिथे असा फोन दुसऱ्याच दिवशी दुकानात परत येतो. व्हिडिओची चोरून नक्कल होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं संरक्षण असतं. त्याची एल-१ पातळी नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर चित्र फुल एचडीत दिसत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला पोको एफ-१ हा २०,९९९ रुपयांत स्नॅपड्रॅगन ८४५ देणारा गाजलेला फोन, पण सुरुवातीला त्यातही हे नव्हतं, नंतरच्या अपडेटने आलं. आणि आपल्यासाठी एक खास तपासणी: कीबोर्ड उघडून ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ आणि ‘ॲप’ हे शब्द टाइप करून पाहा. आपला अर्धा र नीट उमटला नाही किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसला, तर मराठीची चाचणी कुणी मनापासून घेतलेली नाही.

शेवटचा विषय सर्व्हिसचा, आणि मला सर्वांत कळीचा तोच वाटतो. फोन पडतो, डिस्प्ले फुटतो. लाखातल्या ३ टक्के फोनचे डिस्प्ले वर्षभरात बदलावे लागतील असं धरलं, तरी ३,००० नग हाताशी हवेत. ते कारखान्यात उत्पादन चालू असतानाच मागवून ठेवावे लागतात, कारण मॉडेल बंद झालं की त्या मापाचा पॅनेल कुणी नव्याने बनवून देत नाही. पैसा कमी पडला की नवी कंपनी पहिली कात्री इथेच लावते. मग सर्व्हिस सेंटरवर ‘पार्ट आलेला नाही’ हे उत्तर तीन-तीन आठवडे ऐकावं लागतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडेही त्या मॉडेलचा फोल्डर, म्हणजे काचेसकट जोडलेला डिस्प्ले, नसतो, कारण तो खपणाऱ्या फोनचेच ठेवतो. साधं मागचं कव्हर आणि टफन काचसुद्धा मिळत नाही. लाव्हा या भारतीय कंपनीने २०२३ मध्ये अग्नी-२ सोबत, वॉरंटीत हार्डवेअर बिघडलं तर घरी येऊन फोन बदलून द्यायची सोय ठेवली. लहान कंपनीला गावोगावी सेंटर उघडणं परवडत नाही, तेव्हा हा उपाय मला समंजस वाटतो.

म्हणून नवा फोन घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा पिनकोड टाकून सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते पाहा. तिथे फोन करून या मॉडेलच्या डिस्प्लेची आणि बॅटरीची किंमत विचारा. आकडा लगेच सांगितला तर भाग त्यांच्या यादीत आहे. ‘विचारून सांगतो’ म्हणाले तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आणि अँड्रॉइडच्या किती आवृत्त्या, किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, हे कंपनीने लेखी दिलंय का ते पाहा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कारण अपडेट देणं त्याच्या हातात नसतं.

नमस्कार.