फ्लॅंजची फट आणि पेटंटचा दावा

पाइपांचा फ्लॅंज जोड, म्हणजे टोकांवरच्या दोन चकत्या बोल्टांनी आवळून केलेला जोड, एक थेंबही गळू न देता वर्षानुवर्षं काम करतो, आणि तरीही बाहेरून कुजत असतो. आतला दाब अडवतं ते चकत्यांमध्ये दाबून बसवलेलं गॅस्केट. पण रेझ्ड फेस, म्हणजे मधला भाग किंचित उंच असलेल्या, फ्लॅंजमध्ये गॅस्केटच्या बाहेर दोन चकत्यांत फट उरते. बोल्ट नेमके तिथूनच आरपार जातात.

पावसाचं पाणी, समुद्राचे तुषार त्या फटीत शिरतात आणि सुकायचं नाव घेत नाहीत. आतला प्राणवायू संपतो, फटीबाहेर तो मुबलक असतो. या फरकामुळे आतलं पोलाद विरघळू लागतं. मग मिठातलं क्लोराइड आत ओढलं जातं, पाणी आम्लधर्मी होतं आणि गंज आणखी वेग घेतो. वरून नट धडधाकट दिसतो. आत बोल्ट झिजून बारीक झालेला असतो.

यावरचे उपाय जुनेच आहेत: पेट्रोलॅटमची (व्हॅसलीनसारख्या मेणचट पदार्थाची) पट्टी, फटीभोवती आवळलेला पट्टा, आत भरलेलं ग्रीस, रबरी ओ-रिंग (गोल कडं). जुन्याच वस्तू नव्या रीतीने बसवल्या, तर तो शोध की कसबी फिटरला सहज सुचणारी गोष्ट? फट झाकणाऱ्या अशा आवरणांच्या पेटंटचा वाद पेटतो तो इथे. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या मोटारीच्या पेडलच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला: माहितीतल्या गोष्टी माहितीतल्याच पद्धतीने एकत्र केल्या आणि फळही अपेक्षेइतकंच मिळालं, तर तो शोध बहुधा ठरत नाही. युरोपात पेटंट मंजूर झाल्यापासून ९ महिन्यांत कुणालाही विरोध नोंदवता येतो. तेव्हा ही कल्पना जुनीच आहे हे दाखवायला जुनी रेखाचित्रं, जुनी माहितीपत्रकं बाहेर निघतात.

माझ्या मते, अशा पेटंटला पहिला प्रश्न विचारावा तो पाण्याचा. सील केलं तरी कुठून तरी ओल शिरणारच. मग ती बाहेर कशी पडणार? आवरण न फाडता बोल्ट तपासता येईल का? पाणी आतच कोंडून ठेवणारं आवरण उघड्या फटीपेक्षा घातक ठरू शकतं. हे कोडं ज्याने खरोखर सोडवलं, त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क मिळायलाच हवा.

नक्कल करणारा मात्र दाव्यातली, म्हणजे हक्काची हद्द आखणाऱ्या पेटंटमधल्या मजकुरातली, एखादी कडी बदलतो. सील करणारं कडं बोल्टच्या बाहेर असं म्हटलं असेल, तर तो ते आत नेतो. मग तेच काम, त्याच रीतीने, तोच परिणाम साधत होतंय का, हे तपासावं लागतं. १९५० च्या ग्रेव्हर टँक खटल्यात वेल्डिंगच्या फ्लक्समध्ये (वेल्डिंग करताना वापरायच्या मिश्रणात) मॅग्नेशियमऐवजी मँगनीज वापरूनही प्रतिवादी सुटला नव्हता.

आणि झळ फक्त बनवणाऱ्यालाच बसत नाही. पेटंट असलेली वस्तू परवानगीविना वापरणं हेही उल्लंघनच असतं, त्यामुळे नक्कल केलेलं आवरण विकत घेऊन जोडांवर बसवणारा प्रकल्पही खटल्यात ओढला जाऊ शकतो.